दुसऱ्याचा गणपती

खारेपाटातला काळुराम दरसाल पेणच्या कारखान्यातून गणपती डोक्यावर घेऊन अनवाणी घरी यायचा, बांधाबांधाने. एरवी त्याला कुणी विचारत नसे. बायको धोंडुबाई तर त्याला चुलीपुढच्या मांजरासारखं हाकलायची. पण डोक्यावर देव असला की म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. शिवाय मूर्ती उचलल्यापासून घरी पोचेतो घरच्यांनी बोलायचं नाही, असा रिवाज. तेवढा वेळ धोंडुबाईचंही तोंड बंद.

धाटावला कंपनीत लागलेला पोरगा पुंडलिक म्हणाला, "बाबा, गुडघं बघा तुमचं. औंदा चाला, पुढच्या साली टेम्पो."

ही शेवटची चाल म्हणून काळुराम नवरदेवासारखा निघाला. भात पोटरीला आलेलं, पायाखाली गार चिखल, मागे धोंडुबाईची नुसती घंटा. मधेच त्याला वाटलं, डोक्यावर गणपती नसता तरी चाललं असतं. कान पकडायला हात मोकळे नव्हते.

दारात धोंडुबाईने त्याच्या पायांवर पाणी घातलं, मूर्ती खाली घेतली, आणि देवाच्या तोंडावरचं फडकं काढायच्या आधीच तिचा बांध फुटला.

"मेल्या, माजा पाट कुठं हाय?"

पाट ज्याने त्याने महिनाभर आधी कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावरच मूर्ती बसते. धोंडुबाईचा पाट फणसाचा, माहेरचा. हा भलताच, आणि वर गुलाबी फेटेवाला कुणाचा तरी गणपती.

"डोक्यावर असल्यावर मना काय दिसतंय?"

"डोकं असतं तर दिसलं असतं!"

पुंडलिक टेम्पो बघायला धावला. काळुराम मात्र मनातून खूश. आयती आणखी एक चाल! त्याने फेटेवाला उचलला.

बांध तोच. पण ऊन चढलेलं, चिखल वाळून टोचायला लागलेला. देव उलटा पेणकडे निघालेला कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे म्हशी हलेनात.

"काय रं काळू, येवढ्यात इसर्जन?" शेतातून कुणी हाळी दिली.

"आवाडला नाय का?" दुसऱ्याने विचारलं.

आणि देव आपला नाही म्हटल्यावर रिवाज कसला? धोंडुबाई पेणपर्यंत मागून शिव्या घालत आली.

कारखान्यात फेट्याचा मालक नाथा कपाळाला हात लावून बसला होता. त्याचा देव त्याला मिळाला. पुंडलिकचा टेम्पोही दारात लागला.

"घ्या बाबा, आता आपला गणपती. चाला हौशीनं."

"नको. टेम्पोतच बसतो."

"आवो, सकाळचा दुसऱ्याचा व्हता!"

"चाललो तर मीच ना?"

धोंडुबाईने तोंड उघडलं. काळुरामने झटकन गणपतीसकट फणसाचा पाट उचलला आणि मांडीवर घेऊन टेम्पोत बसला. तिला घरापर्यंत गप्प बसावं लागलं.