फवारलेला कुडा

आरतीदीचं नाव आधी लिहिते. ती नसती तर माझ्या लेकीचं, सोनीचं, काय झालं असतं, हे मला अजून मनातसुद्धा पुरतं म्हणवत नाही. आरतीदी आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली, मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावातली. हैदराबादबाहेर ज्या फार्महाऊसवर माझा नवरा वॉचमन आहे, तिथं ती बागेचं काम करते.

आम्ही चंद्रपूरकडच्या गोंडपिपरीहून निघालो तेव्हा पळस झडून मोह गळायला लागला होता. आई मोह वेचायचा टाकून स्टँडवर आली. हाताला तोच वास. डब्यात भाकरी, फडक्यात डाळ. म्हणाली, "ने पोरी. तिकडं सारंच इकत घ्या लागते म्हनतेत." बस हलली तरी ती खिडकीच्या गजाला धरून चालत राहिली.

माझी शाळा आठवीत सुटली. पण महिना कोणता ते मी फुलावरून सांगायची. पळस म्हणजे फागुन, मोह म्हणजे चैत, मग कुडा, आणि श्रावणात बांधावर पिवळा तरोटा. इथं फुलं टेम्पोतून येतात, काळ्या पिशव्यांत. सुकली की दुसरी येतात. बागेकडं पाहून इथं महिना कळत नाही, तुम्हाला खोटं वाटेल.

म्हणून वैशाखात स्विमिंग पूलच्या मागं कुडा दिसला तेव्हा मी थबकलेच. आपलाच कुडा, पांढऱ्या झुपक्यांनी भरलेला. गावचं कोणी भेटावं तसं झालं. ओटीभर फुलं तोडली, उकडली, पिळली, बेसन लावून भाजी केली. पहिली सोनीला वाढली.

आरतीदी पाणी प्यायला खोलीत आली आणि ताटाकडं पाहून तिनं विचारलं, कुठून आणली. मी हौसेनं सांगितलं. तिनं ताट ओढून बाहेर भिरकावलं, सोनीच्या तोंडात बोट घालून घास काढला. मला वाटलं, बाईला वेड लागलं.

"सकाळीच दवा मारली त्याच्यावर. माझ्याच हातानं मारली."

मी नुसती सोनीचं तोंड पुसत बसले. धावली ती. एरवी मालकापुढं मान वर न करणारी बाई फाटकाबाहेर निघालेल्या त्याच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिली. पोरीला आत घातलं, मला ढकललं, आणि दवेची बाटलीही पिशवीत टाकून सोबत घेतली. डॉक्टर म्हणाले, बाटली आणली हे बरं केलं, कशावर इलाज करायचा ते लगेच कळलं.

सोनी वाचली. दुसऱ्या दिवशी उठून बसली आणि राहिलेली भाजी मागू लागली. आरतीदी म्हणाली, "पोट्टी तुझ्यावरच गेली, चंद्रपूरवाले." मी रडायच्या बेतात होते, त्यातच हसले.

पण आतून मी अजून सावरलेली नाही. फुलावर विष कोण मारतं? आपल्याकडं कुड्याची फुलं किडे खातात, उरतात ती आपण खातो. आरतीदीनं सांगितलं, पानाला एक भोक दिसलेलं मालकाला चालत नाही. आता मी कढीपत्त्यालाही विचारल्याशिवाय हात लावत नाही. घर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जिथं फूल तोडून सरळ पोरीच्या ताटात वाढता येतं, ते.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर आरतीदी म्हणाली, "माझा बाप मुलचेऱ्यात नवा आला तं त्याले जंगलातलं एक पान ओळखू येत नोयतं. तिथल्याच एका बाईनं त्याले कुडा खाऊ घातला." मग म्हणाली, आता तिथं आपलं कोणी उरलं नाही. आई-बाप गेले, भाऊ कुठं आहे ते माहीत नाही. वैशाखात सगळ्या बाया माहेरी जातात, ती पाइप घेऊन झाडांना पाणी देत राहते.

आई, तू हे कोणाकडून तरी वाचून घेशील, म्हणून इथंच सांगते. एका वैशाखात मी आरतीदीला आपल्या घरी घेऊन येणार आहे. कुडा मी तोडीन, भाजी तू कर. आणि जेवण झाल्यावर ती ताट धुवायला उठली, तर तिच्या हातून काढून घे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी ताट धुवू देतं का?