नीउ-व्हेनेप ते हार्लेम, पाट्या वाचत

इथे नेदरलँड्समध्ये इराच्या शाळेत पालक आळीपाळीने वर्गात गोष्ट वाचून दाखवतात. या सोमवारी माझी पाळी होती, तीही डचमधून. आमची आठ वर्षांची लेक शुक्रवारी म्हणाली, "आई प्लीज, लेट बाबा कम. यू रीड फनी."

वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मी! फार लागलं. रविवारी इराला घेऊन सायकली काढल्या. म्हटलं, वाटेतल्या पाट्या वाचून सराव करू.

हार्लेम साधारण पंधरा किलोमीटर. कालव्याकाठी सायकलींचा वेगळा रस्ता आहे. चढ नाहीत, पण ती कसर वारा भरून काढतो. चौकांना नंबर असतात, ते कागदावर लिहून घेतले की नकाशा लागत नाही. खायला भरपूर घ्या, आमचे पराठे निम्म्या वाटेतच संपले. मी प्रत्येक पाटी खणखणीत वाचत होते आणि इरा ओळख नसल्यासारखी पुढे पळत होती.

हार्लेमला पॅनकेक खाल्ला. बारा-तेरा युरोचा एक, दोघींना पुरतो. मी मोठ्या हौसेने डचमध्ये ऑर्डर दिली आणि मालकीणबाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. इराने मान खाली घातली. माझे डोळे भरून आले, ते तिने पाहिलं.

"आई, वी क्लॅप इट," ती हळूच म्हणाली. दारावर डचमध्ये लिहिलेलं 'पॅनकेकघर' तिने शाळेतल्यासारखं, तुकड्यागणिक एक टाळी वाजवत तोडलं: "पा-नन-कू-कन-हाउस." पाच टाळ्या. पहिली कडकडीत, बाकीच्या हलक्या. "यू क्लॅप ऑल हार्ड."

खरंच की! प्रत्येक अक्षर ठासून म्हणायचं, याचीच तर बक्षिसं मिळाली होती मला. इथले लांबलचक जोडशब्द बहुधा पहिल्या तुकड्यावर जोर देतात, बाकीचे मागून घरंगळत येतात.

परतताना लायडनला गाडी बदलून ट्रेनने आलो. सायकलींचं वेगळं तिकीट काढावं लागतं, विसरू नका. डब्यात इराने माझ्याकडून अख्खी गोष्ट टाळ्यांवर वाचून घेतली. समोरच्या आजोबांनीही मांडीवर ताल धरला.

पायांत आलेले गोळे दोन दिवसांत गेले. डच अजून यायचीच आहे, पण भीती बरीच कमी झाली. सोमवारी मी दोनदा अडखळले. गोष्ट संपल्यावर बाईंनी विचारलं, "पुढच्या वेळी कोणाचे पालक येणार?"

इराचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. "माझी आई," ती डचमध्ये म्हणाली, "परत."