तणसाखालची मोटर

आटाचक्कीच्या इंजिनाचा टुकटुक आवाज आता फारसा कुठे ऐकू येत नाही. एखाद्या आडगावात तो कानावर पडलाच, तर नागपूर जिल्ह्यात कुहीकडच्या त्या गावातली घटना आजही जशीच्या तशी आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावाचे नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. त्यांनी गुन्हा केला नव्हता, आणि ज्याने गुन्हा केला नाही त्याचे नाव पोलिसाच्या तोंडी येऊ नये, असे मी नोकरीभर मानत आलो.

त्या गावात वीज नुकतीच आली होती. वीजखात्याचा एक तरुण अभियंता त्यासाठी सायकलवरून खेपा घालून दमला होता. गाव त्याला 'लाइनवाले साहेब' म्हणे. रस्त्यावरचे दिवे कुठे लावायचे ते त्याने ग्रामपंचायतीच्या लोकांबरोबर फिरून ठरवले. नाल्याकाठी एक आटाचक्की होती. ती चालवणाऱ्या बाईला डिझेलचे इंजिन सोडून विजेची मोटर बसवायला त्यानेच राजी केले. किती ताकदीची मोटर लागेल ते काढून दिले, नागपूरहून ती आणवली, स्टार्टर कसा दाबायचा ते शिकवले. यामागे त्याचा एक हेतू होता. नुसत्या घरगुती दिव्यांसाठी नाल्यापलीकडे तारा ओढायला वरचे कार्यालय तयार नव्हते. चक्कीवर विजेचा चांगला वापर दिसला, तरच पुढचे खांब मंजूर होणार होते.

नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती होती. विहीर असो की रस्ता, जे काही येते ते आधी गावात येते आणि वस्तीपर्यंत पोचायच्या आत संपते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी स्वतः अशाच वस्तीत, कंदिलाच्या काजळीने डोळे चोळत शिकलो. त्यामुळे एके सकाळी ती चक्कीवाली बाई मोटर चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन ठाण्यात आली, तेव्हा मला आधी ते न आलेले खांब दिसले.

बाई तरुण होती. नवरा सावनेरकडे कोळशाच्या खाणीत कामाला, सणावाराला येणार. घरी ती आणि तिचे म्हातारे सासरे. फिर्याद लिहून झाली, अंगठ्याऐवजी तिने सही केली, आणि उठताना विचारले, "साहेब, मोटर सापडन ना?"

"शोधतो."

"सापडलीच पाहिजे साहेब. मी हो म्हनलं म्हणून तिकडचे लोक खांबाची वाट पाहून राहिले."

मी हवालदाराला घेऊन गावात गेलो. पंचनाम्याला सरपंच आले. त्यांनी चक्कीच्या आत पाऊलही टाकले नव्हते, तरी चोर त्यांना माहीत होता.

"नाल्यापलीकडची झडती घ्या साहेब. तिकडचंच काम असन."

"त्यांच्या घरात दिवा येणार तो या मोटरमुळे. ते ती काहून चोरतील?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता?"

सरपंच पानाची पिचकारी टाकायला वळले.

आत पाहिले तर चोरी जरा विचित्र होती. चोर घाईत असतो. तो पट्टा कापतो, तारा तोडतो, बोल्ट वाकवतो. इथे पट्टा उतरवून खुंटीला नीट टांगलेला होता. मेन स्विच खाली ओढलेला. तारांच्या टोकांना चिंध्या बांधल्या होत्या, कोणाचा हात लागू नये म्हणून. मोटरीचे नट तेल लावून पुन्हा ज्याच्या त्याच्या बोल्टवर फिरवून ठेवले होते. इतक्या मायेने चोरी करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मागच्या पडवीत जुने इंजिन तसेच उभे होते. पुढचे सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका, असे बजावून मी चावडीत बसलो.

खबर कोतवालाने दिली. तो चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवून तिथेच रेंगाळला.

"साहेब, एक गोष्ट सांगू? हसू नका."

"सांग."

"चक्कीवाल्या बुढ्याची बंडी काल रातच्याले शेताकडे जाऊन राहिली होती. तनसानं भरलेली."

"मग?"

"तनीस शेतातून घरी येते साहेब. घरून शेतात कोण नेते?"

धानाच्या मुलखात वाढलेल्या कोणालाही हे कळायला हवे. मळणी झाली की तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, बैलांसाठी घरी आणून रचतात. भरलेली बैलबंडी उलट दिशेने जायचे काही कारणच नाही. मी हवालदाराला शेतावर पाठवले. तणसाच्या ढिगात हात घातल्यावर गोणपाटात गुंडाळलेली मोटर लागली. मी निरोप दिला की मोटर तिथेच राहू दे, कोणाला बोलू नको. मोटर मिळाली होती. कारण मिळाले नव्हते, आणि कारण न कळता माणसाला उचलणे मला पटत नसे.

म्हाताऱ्याला मी ठाण्यात बोलावले नाही. चक्कीवरच गेलो. ते पडवीत इंजिनाजवळ बसले होते. इंजिनात आयुष्य गेलेला माणूस, नखांतले तेल आता निघण्यापलीकडचे. सून दारात उभी होती. मी मोटरीबद्दल विचारले की ते जमिनीकडे पाहत. खोटेही बोलेनात. अशा माणसाला दरडावून काही मिळत नाही. त्याला त्याच्या कामाचे विचारावे.

"बाबा, हे इंजिन चालते अजून?"

"न चालाले काय झालं?" पहिल्यांदा मान वर झाली.

"दाखवा."

त्यांनी पाणी पाहिले, डब्यातले डिझेल ओतले, हँडल घातले. दोनदा दम लागून थांबले. हवालदार पुढे झाला, तर त्याला हातानेच मागे सारले. तिसऱ्यांदा चाक फिरले, इंजिनाने पकड घेतली, आणि धुराच्या नळीवरचा पत्र्याचा डबा टुकटुक वाजू लागला. साऱ्या शिवारात तो आवाज गेला असेल.

मी पुढचा प्रश्न विचारणार होतो, तेवढ्यात समोर लक्ष गेले. गावाच्या गल्लीतून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन येत होती. तिच्यामागे दुसरी. नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, वस्तीतल्या तिघी, कडेवर लेकरे, डोक्यावर दळण. पाहता पाहता पडवीसमोर रांग लागली.

सगळ्यांत पुढे असलेल्या आजीने टोपली आदळली. "काहून वं, इतके दिस चक्की बंद ठेवली? माहेरी पळाली होती काय?"

सून दारातूनच बोलली. "बंद कुठं होती आजी? मोटर बसल्यापासून रोज चालू होती. लाइटवर."

"चालू होती म्हणते. मंग आवाज कुठं गेला होता?"

"लाइटच्या चक्कीले टुकटुक नसते आजी. जराशी घरघर, ते घरातच राहते."

"मंग आमाले समजन कसं? तू काय सपनात येऊन सांगशीन? माहे हात पाय, जातं वढून वढून कसे झाले."

रांगेत हसू उठले. सून मात्र हसली नाही. ती हळूच उंबऱ्यावर बसली. मोटर बसवताना चक्की काही दिवस बंद होती, हे गावाने पाहिले होते. ती सुरू झाल्याचे गावाला कधी ऐकूच आले नाही. चक्की सुरू म्हणजे टुकटुक सुरू, ही त्या बायांच्या कानांची सवय होती. कांडणे, सारवणे सगळे त्या आवाजाच्या अंदाजाने चाले. ही गोष्ट अभियंत्याच्या ध्यानात आली नव्हती, सुनेच्या नाही, आणि आयुष्यभर तो आवाज काढणाऱ्या म्हाताऱ्याच्याही नाही.

म्हाताऱ्यांनी इंजिन बंद केले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "साहेब, मोटर मी नेली."

"माहीत आहे. काहून नेली?"

"मले वाटलं, लाइटच्या पिठात सत्त्व नाही म्हणून लोक येऊन नाही राहिले. कोणीतरी तसं बोललं होतं. सून दिवसभर मोटरीजवळ एकटी बसून राहे. मोटर नको, असं मी आधी म्हनलो होतो. तिनं ऐकलं नाही." त्यांनी सुनेकडे पाहिले. "आता मी इंजिन चालव म्हनलं असतं, तं ती हरली असती. चोरानं नेली म्हनलं का कोणी हरत नाही."

सून उठली. "साहेब, मीच मामाजीले ठेवाले सांगितली होती मोटर. माह्या ध्यानातच नाही राहिलं. तसं लिहा."

"बाई, खोटं लिहिणार नाही," मी म्हणालो. "आणि लिहायची गरजही नाही. लबाडीचा हेतू असेल तर चोरी. तुमच्या सासऱ्यांनी घरची वस्तू घरच्याच शेतात ठेवली. त्यात त्यांचा फायदा काय, ते मला तरी दिसत नाही."

तसाच अहवाल मी वर पाठवला. वरिष्ठांनी बोलावून विचारले, मी जे पाहिले ते सांगितले, आणि प्रकरण मिटले. मोटर पुन्हा त्याच बोल्टवर बसली. नट फिरवले म्हाताऱ्यांनीच.

लाइनवाले साहेब आले. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी इंजिनाच्या नळीवरचा तो पत्र्याचा डबा हलवून पाहिला. मग म्हणाले, "मी लोकांना अभिमानाने सांगत फिरलो, की या चक्कीचा आवाज दाराबाहेरसुद्धा जात नाही." पुढच्या खेपेला त्यांनी सायकलच्या कॅरियरला बांधून विजेचा एक भोंगा आणला. नागपुरातल्या कापडगिरणीचा भोंगा साऱ्यांना ठाऊक होता, हा त्याचा धाकटा भाऊ. ग्रामपंचायतीने तो चक्कीच्या छपरावर लावायला संमती दिली. बटण म्हाताऱ्यांच्या हाताशी आले. दळण सुरू होताना भोंगा वाजे, आणि टोपल्या निघत. वापर दिसला. खांब मंजूर झाले.

नाल्यापलीकडे दिवे लागले त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेलो होतो. चक्की बंद झालेली, म्हातारे बटणाजवळ बसलेले. पलीकडे पहिला दिवा लागला आणि त्यांनी भोंगा दाबला. सवयीने बाया टोपल्या घेऊन निघाल्या. तीच आजी पुढे.

"चक्की तं बंद दिसते. मंग बोलावलं काहून गा?"

म्हाताऱ्यांनी नुसते नाल्याकडे बोट केले. बाया वळल्या. वस्तीतले दिवे एकेक करून लागत होते. डोक्यावरच्या टोपल्या तशाच, सगळ्या बघत उभ्या राहिल्या. मीही त्यांच्यात उभा होतो, आणि मला माझ्या आईचा कंदील आठवत होता.

पुढे नोकरीत गावोगाव नवे काही ना काही येताना पाहिले. भांडणे झाली, मोडतोड झाली, तक्रारी आल्या. अडाणी लोक, विकासाला विरोध करतात, असे सांगणारे सरपंच प्रत्येक वेळी भेटले. मी मात्र आधी एवढेच विचारत असे, की नवे आले तेव्हा जे जुने गेले, ते आणखी कोणाच्या काय कामाचे होते. उत्तर बहुतेक वेळा एखाद्या म्हातारीकडे असे, आणि तिला ते कोणी विचारलेले नसे.