भाऊंचा फोटो केवढा

सरांना फ्लेक्सच्या लोखंडी पाइपने मारलं. आज वर्ष झालं.

"अचानक गेले" असं कमेंटमध्ये लिहू नका. मी तिथे होते.

कांबळे सर कॉलेजात मीडिया शिकवायचे. सिनेमाची पोस्टरं, जाहिराती, वाढदिवसाचे फ्लेक्स, हाच जन्मभराचा अभ्यास.
शेजारचे विचारायचे, "म्हणजे फ्लेक्स बघायचा पगार मिळतो आपल्याला?"
सर म्हणायचे, "हो ना. आपण फुकटच बघता."

मी त्यांची विद्यार्थिनी, आता तिथेच शिकवते.

ज्याच्या फोटोवर लेख लिहिलाय, त्याला तो छापण्याआधी वाचून दाखवायचा, हा सरांचा नियम.
मी म्हटलं, "सर, कशाला विषाची परीक्षा?"
"अगं, माणूस जिवंत आहे. त्याला विचारायला नको?"

गेलो. मार्केट यार्डाजवळ, एका भाऊंच्या ऑफिसात.

सरांनी लिहिलं होतं, दर वाढदिवसाला फ्लेक्सवर पक्षाच्या साहेबांचा फोटो लहान होतोय आणि भाऊंचा मोठा.

भाऊंनी शांतपणे ऐकलं. चहासुद्धा पाजला.
"मास्तर, साहेबांनी हे वाचलं तर माझं तिकीट गेलं. छापू नका."
"तुमचं म्हणणंही छापतो की."

भाऊंच्या माणसांनी दार लावलं.

पहिला फटका कानावर. चष्म्याची काच डोळ्याखाली घुसली. सर पडले तरी मारतच होते. गुडघा मोडला तो आवाज मी ऐकला.
मला एकाने भिंतीला दाबून तोंडावर हात ठेवला होता. मी कडकडून चावले. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत सर गेले.

भाऊंचा राग येतोच. पण सर, तुमचाही येतो. कुठे काय बोलावं कळायचंच नाही तुम्हाला.

भाऊ जामिनावर बाहेर आहेत. आज आमच्या चौकात फ्लेक्स लागलाय. वर सर, खाली हात जोडलेले भाऊ, सरांच्या दुप्पट.

काल त्यांचा माणूस घरी आला होता. फार अदबीने बोलला.
"मॅडम, कोर्टात एवढंच म्हणा, नीट दिसलं नाही. आपल्याला लहान मुलगी आहे."

मुलीला लोणी काळभोरला आईकडे सोडून आले. आई म्हणाली, "तू पण ऱ्हा हितंच." मी राहिले नाही.

सोमवारी साक्ष आहे. मला सगळं नीट दिसलं होतं. पाइप कुणाच्या हातात होता, तेही.

श्रद्धांजली चौकात लागलीच आहे, माझी वेगळी नको.

येते, सर. जय भीम.