लेहच्या फाइलवरचा शेरा

बाबांना मी ऑक्टोबरमध्ये पुण्याहून दिल्लीला आणलं. ऑक्टोबरमध्ये कोणी म्हाताऱ्या माणसाला दिल्लीला आणतं का? पण आई जाऊन वर्ष झालं होतं, बाबा एकटे डबा मागवून जेवत होते, आणि मला ते इथे बसून बघवत नव्हतं. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, सातव्या मजल्यावर, उन्हाची खोली त्यांना दिली. दिवाळी झाली आणि त्या खोलीत ऊन येणंच बंद झालं. समोरचा टॉवर धुरात दिसेनासा झाला. आम्ही सगळे खोकायला लागलो, तसे बाबाही खोकायला लागले.

त्यांचा खोकला निराळा होता. आमचे खोकले घशातले, ओले, आवाजी. बाबांचा कोरडा. खोकून झालं की ते एक हात वर करून जरा वेळ थांबायचे, मग बोलायचे. हे मी रोज जेवणाच्या टेबलावर समोर बसून पाहत होते. पण त्या दिवसांत दिल्लीत खोकला हा आजार नसतोच, ते हवामान असतं. शेजारी खोकतात, बॉस खोकतो, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून खोकतात आणि ‘क्या करें’ म्हणून हसतात. त्या एवढ्या गलक्यात बाबांचा खोकला बेमालूम मिसळून गेला.

मला मात्र आतून खात होतं. चांगल्या हवेतल्या माणसाला मी या गॅस चेंबरमध्ये आणलं होतं. एका संध्याकाळी मी जाहीर केलं, “बाबांना हवापालट हवाय.”

“हवापालट मतलब?” लेकीने विचारलं. ती अकरावीला, जन्म दिल्लीतला. अर्धे मराठी शब्द तिला पाहुण्यांसारखे भेटतात.

“चांगल्या हवेच्या ठिकाणी जाऊन राहायचं. तब्येत सुधारते.”

“अच्छा! मग लेह जाऊ या ना यार. तिथली एअर बिल्कुल क्लीन असते.”

लेह. अठरा वर्षं दिल्लीत काढून मी लेह पाहिलं नव्हतं. सीझनमध्ये तिथले दर ऐकूनच आम्ही गप्प बसायचो. ऑफिसातल्या प्रत्येकाचे त्या निळ्या तळ्याकाठी फोटो काढून झाले होते. पण ऑफ-सीझनला, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, हॉटेलं नुकती उघडत असतात आणि दर निम्म्यावर येतात, हे मला त्याच रात्रीच्या जेवणापर्यंत सापडलं. शिवाय तोवर मार्चअखेरीचं ऑफिसातलं खेकटं संपतं, लेकीची परीक्षाही होऊन जाते. बाबांना स्वच्छ हवा मिळेल आणि मला लेह. उंचावर हवा स्वच्छ असते तशी विरळही असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते मी ‘थोडा त्रास होतो सगळ्यांनाच’ या सदरात टाकलं.

आता आमच्या घरची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाबा मुंबईला मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अनुभाग अधिकारी. म्हणजे दोघेही फाइलीवर पोसलेले. लहानपणी मला सहलीला जायचं असेल तर बाबा म्हणायचे, “टिप्पणी सादर कर.” मी वहीच्या कागदावर लिहायचे: सहल कुठे, किती वाजता परत, सोबत कोण. खाली ‘आदेशार्थ सादर’. बाबा कार्यालयातून आले की चहा पीत तो कागद वाचायचे आणि शेरा मारायचे. ‘मान्य’ असेल तर मी उड्या मारायचे. ‘अमान्य’ त्यांनी जन्मात लिहिलं नाही. नाही म्हणायचं असेल तेव्हा ते लिहायचे, ‘चर्चा करावी.’

ऑफिसातही त्याचा अर्थ तोच असतो. जे कागदावर लिहिता येत नाही ते तोंडी सांगायचं आहे, तेव्हा फाइल घेऊन समोर ये. मग कनिष्ठाने जायचं, ऐकायचं, आणि खाली ‘चर्चा केल्यानुसार’ असं लिहून प्रकरण पुन्हा सादर करायचं. घरी मी कागद घेऊन बाबांच्या शेजारी पलंगावर बसायचे. ते मला सहलीला का पाठवत नाहीत ते हळू आवाजात सांगायचे, आणि गंमत म्हणजे मला त्याचा राग यायचा नाही.

तर लेहची मी रीतसर फाइल केली. कव्हर, दोरा, हिरवट टिप्पणीचे कागद. प्रवासाचा कार्यक्रम, हॉटेल, कपड्यांची यादी, औषधं. नवऱ्याने हसत सही केली. लेकीने इमोजी काढला, त्यावर मी ताशेरे ओढले. बाबांनी ती फाइल दोन दिवस स्वतःच्या खोलीत ठेवली. परत आली तेव्हा त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात एक ओळ होती. ‘कृपया चर्चा करावी.’

मी ती ओळ वाचली आणि हसले. खरंच हसले. वाटलं, जुनी गंमत करतायत. त्या आठवड्यात ऑफिसात संसदेचे प्रश्न आले होते, सकाळी आठला निघून मी रात्री आठला घरी येत होते. रोज ठरवायचे, उद्या बसू. विमानाचं भाडं मात्र रोज वर सरकत होतं. शेवटी एका सकाळी, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन, मी बाबांच्या ओळीखाली लिहिलं, ‘चर्चा केल्यानुसार मान्यतेसाठी पुनश्च सादर.’ साहेब दौऱ्यावर असले आणि प्रकरण अडलं की ऑफिसातही मी हे केलेलं आहे. नंतर कोणी विचारत नाही. कागदावर चर्चा झाली म्हणजे झाली.

बाबा खिडकीशी बसले होते. मी फाइल त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. “अस्सं,” म्हणाले. आणि सही केली. मी त्यांचा पेन टोपण लावून खिशाला अडकवला आणि मेट्रो गाठायला पळाले.

नवऱ्याला काहीतरी जाणवलं असावं. तो नोएडाला एका कंपनीत आहे, माणसांपेक्षा स्क्रीन जास्त बघतो, तरी त्याने विचारलं, “जायच्या आधी बाबांना एकदा डॉक्टरला दाखवू या का?” मी फटकन म्हटलं, “या दिवसांत दिल्लीतला कुठला डॉक्टर पोल्युशन सोडून दुसरं काही सांगतो?” मी चिडले की तो गप्प बसतो, आणि हे मला सोयीचं पडतं.

लेहच्या हॉटेलवाल्याला फोन केला तेव्हा त्याने आधी पाण्याचं सांगितलं, की पाइप अजून गोठलेले असतील, बादलीने गरम पाणी मिळेल. मग विचारलं, “मैडम, साथ में बुज़ुर्ग हैं? साँस की कोई तकलीफ़ तो नहीं उनको?”

“बिल्कुल नहीं,” मी म्हटलं. दार उघडं होतं. आतल्या खोलीत बाबा खोकत होते, आणि मी फोनवर हात धरला.

जानेवारीत आम्ही करोल बागेत गरम कपडे घ्यायला गेलो. मेट्रोतून उतरून बाजारात शिरलो आणि बाबा दर आठ-दहा दुकानांनी थांबायला लागले. गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानासमोर तर चांगली पाच मिनिटं उभे. काचेत स्टिअरिंगची कव्हरं, हॉर्न, आरसे टांगले होते. “बाबा, गाडी घेताय की काय?” मी चेष्टा केली. “बघतोय,” ते म्हणाले. एक शब्द. पुढे एका चपलांच्या दुकानासमोर थांबले, मग लग्नाच्या शेरवानीसमोर. मी लेकीला म्हटलं, आजोबांना बाजार आवडला बघ. हातमोजे घालून बघताना त्यांची नखं मला निळसर दिसली. बोटं गारठली आहेत असं समजून मी आणखी जाड हातमोजे घेतले.

मग फेब्रुवारी सरला. मार्चमध्ये वारा सुटला, समोरचा टॉवर पुन्हा दिसायला लागला, त्याच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडेसुद्धा. लेकीचा खोकला थांबला. नवऱ्याचा थांबला. माझा थांबला. लिफ्टमध्ये आता कोणी खोकेना. घर शांत झालं, आणि त्या शांततेत बाबांचा खोकला एकटाच ऐकू यायला लागला. पहाटे, दुपारी, जेवताना. मी ताटावरून मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. मला तेव्हा भीती वाटली होती. ती मी कोणाला सांगितली नाही, स्वतःलासुद्धा नाही. दहा दिवसांवर आलंय, मनात म्हणायचे, तिथली हवा लागली की थांबेल.

फाइलीत मी शेवटचं पान जोडलं होतं, ‘सराव’. उंचीची सवय व्हावी म्हणून प्रत्येकाने रोज सात मजले जिने चढायचे आणि आपापल्या रकान्यात सही करायची. नवऱ्याच्या रकान्यात निम्मे दिवस रिकामे. लेकीने एकाच दिवशी आठवड्याच्या सह्या केलेल्या, एकाच पेनने, उघड दिसत होत्या. बाबांच्या सह्या मात्र रोजच्या रोज. एकही खाडा नाही. मी लेकीला ते पान दाखवून म्हटलं, “बघ जरा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.”

निघायला पाच दिवस होते. रविवारची सकाळ. मी बॅगेत थर्मल भरत होते, तेवढ्यात खालून गार्डचा फोन आला. “मैडम, अंकलजी तीसरी मंज़िल पर बैठे हैं। उठ नहीं रहे।”

लिफ्ट येईना म्हणून मी जिन्यानेच धावले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचललेले. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत जात होती. ओठ नखांसारखेच निळसर. गार्ड त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता. “रोज़ यहीं तक आते हैं, मैडम,” तो म्हणाला, “थोड़ी देर बैठते हैं, फिर मैं लिफ़्ट से ऊपर छोड़ देता हूँ। बोले थे, किसी को बताना मत।”

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. नवरा घरी जाऊन बाबांची कागदपत्रं घेऊन आला. त्यांच्या बॅगेत तळाशी एका पाकिटात पुण्याच्या डॉक्टरांचा रिपोर्ट होता, मी त्यांना आणायच्या दोन महिने आधीचा. फुफ्फुसं आक्रसत चालली होती. त्याला औषध फारसं नव्हतं. खाली पेनने लिहिलं होतं, उंच ठिकाणी जाऊ नये. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला, मग आमच्याकडे पाहिलं. मी आपण होऊन सांगितलं, शुक्रवारी आमचं लेहचं विमान होतं. त्यांनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाल्या, “दूसरा दिन नहीं देखते।”

मला बाबांचा संताप आला. हे खोटं लिहिणार नाही. आधी संतापच आला. एवढी मोठी गोष्ट पाकिटात घालून बॅगेच्या तळाशी ठेवतात? मुलीच्या घरी राहून? दुपारी त्यांना जरा बरं वाटलं तेव्हा मी खुर्ची पलंगाला चिकटवून बसले, लहानपणी बसायचे तशी, आणि विचारलंच. “बाबा, मला सांगितलं का नाही?”

त्यांनी मास्क हाताने थोडा बाजूला केला. श्वास जमवला. एका वेळी त्यांना तीन-चार शब्दच जमत होते.

“तू लिहिलंस ना,” ते म्हणाले. थांबले. एक हात वर करून थांबले, आणि या वेळी मी मध्ये बोलले नाही. “चर्चा झाली म्हणून.”

मी मास्क त्यांच्या नाकावर नीट बसवला.