दादांचं स्थळ

पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माझे वडील लग्नं जमवू लागले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. सायकलवरून त्यांनी निम्मं कोल्हापूर पालथं घातलेलं, त्यामुळं कुणाची मुलगी डी.एड. झाली, कुणाचा मुलगा कागलच्या एमआयडीसीत लागला, हे त्यांना न विचारता कळायचं. रविवारी विहाराच्या हॉलमध्ये आमच्या समाजातल्या वधूवरांची नोंदणी असायची. दादा सतरंजीवर बसून माहिती लिहून घ्यायचे आणि टाचणीनं फोटो लावून ठेवायचे.

मी तेव्हा शाहूपुरीत एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. पुण्यातल्या काही कार्यकर्त्यांनी समाजासाठी वधूवरांची वेबसाईट काढली आणि दादांना निरोप पाठवला, तुमच्याकडची स्थळं त्यावर चढवा.

ते काम अर्थातच माझ्याकडं आलं. घरी टेलिफोनच्या लाईनवर चालणारं इंटरनेट. एकाची माहिती टाइप करायची, फोटो निवडायचा, सबमिट दाबायचं आणि वाट बघायची. फोटो पोचत आला की नेमकी आई मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची. लाईन तुटायची आणि सगळे रकाने कोरे होऊन पुन्हा समोर यायचे. दोन रविवार असे गेल्यावर मी ठरवलं, यासाठी प्रोग्रॅमच लिहायचा. सगळी माहिती एका तक्त्यात भरून ठेवायची, फोटो स्कॅन करून एका फोल्डरमध्ये. प्रोग्रॅम एकेक नाव उचलेल, माहिती आणि फोटो एकत्र बांधून सर्व्हरला पाठवेल, आणि तिकडून पोच आली की पुढचं घेईल. शनिवारी दुपारी ऑफिसचं इंटरनेट वापरायला साहेबांनी परवानगी दिली.

दादा फोटोंची पिशवी घेऊन ऑफिसात आले. मी काय करणार ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे फोटो वाटंत कोण बघू शकतं का?"

तेव्हा ती साईट साधी होती, कुलूप नसलेली. "मनात आणलं तर बघू शकतं," मी म्हणाले.

दादांनी फोटो पुन्हा पिशवीत भरले. "लोकांच्या लेकी हायत या. मग न्हाय जमायचं."

त्यांनी स्वतः पुण्याला फोन केला. एकदा नाही, दर आठवड्याला. शेवटी त्या लोकांनी साईट सुरक्षित करून घेतली आणि ब्राउझरच्या खालच्या पट्टीत ते छोटं पिवळं कुलूप दिसायला लागलं. मी दादांना सांगितलं, आता वाटेत कुणी पाकीट फोडलं तरी त्याला आतलं वाचता येणार नाही.

"म्हंजे रजिस्टर पोस्ट म्हण की."

"त्याहून पक्कं."

तरी ते थांबले नाहीत. लुनावरून घरोघरी जाऊन त्यांनी प्रत्येकाला विचारलं, फोटो कॉम्प्युटरवर गेला तर चालेल का? जे नको म्हणाले त्यांचे फोटो वेगळ्या पाकिटात ठेवले.

पुढच्या शनिवारी प्रोग्रॅमनंच पाय रोवले. सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे तो खरंच त्या साईटचाच असल्याचा पुरावा, आमच्या मशीनला ओळखू येईना, आणि ओळख पटल्याशिवाय ते काही पाठवेना. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "एक ओळ टाक. तपासूच नको म्हणून सांग त्याला. सगळे तेच करतात." मी ती ओळ लिहिलीसुद्धा. मग बाजूला बघितलं. दादा मांडीवर पिशवी ठेवून शांत बसले होते. मी ओळ खोडली आणि पुण्याला फोन लावला. तिथल्या माणसानं प्रमाणपत्राची फाईल मेलनं पाठवली. ती मशीनवर बसवेपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या झाल्या.

"पहिल्यांदा कुणाचं पाठवून बघू?" मी विचारलं. चुकलं तर कुणाच्या मुलीचं चुकायला नको होतं.

"माझंच लाव," दादा म्हणाले, आणि खिशातून त्यांचा स्टुडिओतला जुना फोटो काढला. पोस्टात लागले तेव्हाचा, मागं पडद्यावर रंगवलेला महाल. मी तो स्कॅन केला. वय पंचवीस, नोकरी टपाल खात्यात, फोन घरचा. बटण दाबलं. पोच आली.

"गेला?"

"गेला."

साईट उघडून दाखवली. दादा स्वतःकडं बराच वेळ बघत राहिले. "बरा दिसायचो की," म्हणाले. मग बाकीची स्थळं निघाली. एकेक नाव पडद्यावर सरकायचं तसं ते हळू आवाजात वाचायचे आणि मान डोलवायचे. संध्याकाळी आम्ही खूश होऊन घरी आलो. दादांची नोंद काढायची राहून गेली.

पंधरवड्यानं घरी फोन वाजला. आईनं उचलला. पलीकडं लातूरचे एक गृहस्थ होते.

"जयभीम ताई. वेबसाईटवर तुमच्या मुलाचं स्थळ बघितलं. फोटो जुन्या वळणाचा आहे, पण चेहरा सज्जन वाटला. म्हटलं विचारावं."

आईला काही कळेना. तिला मुलगा नव्हताच. तिनं नाव विचारलं, तर त्यांनी दादांचं नाव सांगितलं.

"स्थळ चांगलं हाय पावणं," ती म्हणाली, "पर ते मीच केलंय. पस्तीस वर्सं झाली."

पलीकडून त्या गृहस्थांचं हसू आम्हाला खोलीत ऐकू आलं. दादांनी घाईनं रिसीव्हर घेतला, माफी मागितली आणि लगेच आपल्या कामाला लागले. मुलगी काय करते? नर्स आहे. इकडं यायची तयारी आहे का? मग कागलला नोकरी करणाऱ्या एका मुलाची नोंद बघायला सांगितली.

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "माझं तेवढं काढ बाई आधी."

"ऱ्हाऊ दे दोन दिवस," आई भाकरी थापत म्हणाली. "आनि कोन इचारतंय बघू."

ते लग्न जमलं. कोल्हापुरातच झालं. आल्या आल्या मुलीच्या वडिलांनी गर्दीत दादांना शोधून काढलं आणि आईला म्हणाले, "फोटोत होते तसेच आहेत." आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. जेवताना त्यांनी मला विचारलं, आमच्याकडची स्थळंही अशी एकदम पाठवता येतील का? त्यांचा धाकटा मुलगा कॉम्प्युटर शिकत होता. मी प्रोग्रॅम सीडीवर उतरवला आणि कसा चालवायचा ते चार पानांत लिहिलं.

लातूरला जाणारं ते पाकीट टाकायला दादाच पोस्टात गेले. बारा वाजता गेलेले ते पार चार वाजता परत आले. जुन्या मंडळींनी सॉर्टिंगच्या टेबलाशी बसवून घेतलं होतं. सीडीत काय आहे हे त्यांनी प्रत्येकाला समजावून सांगितलं होतं, आणि दोघांनी आपल्या मुलींची नावं नोंदवायला दिली होती.