सरांनी नापास केलेली रेकॉर्ड

"चालतंय, हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही." असं म्हणून सर चष्मा कपाळावर सरकवायचे. कंपनीत सुटे भाग तपासताना आणि घरी पियानोवर बसल्यावर, दोन्हीकडे वाक्य हेच. महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत ते क्वालिटीत होते, म्हणजे तयार मालातला दोष शोधणं हेच काम. तुमच्याही खात्यात असा एखादा असेलच. माल अडवला की सगळे त्याला शिव्या घालतात, आणि गिऱ्हाइकाची तक्रार आली की त्यालाच शोधत फिरतात.

गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी थेरगावला त्यांच्या दोन खोल्यांत आमचं वादन चाले. मी व्हायोलिन वाजवायचो आणि वेल्डिंगमधला एक मोशीकर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ. त्याला चेलो सरांनीच शिकवलेला. जुन्या युरोपियन पियानोरचना सर आमच्या तीन वाद्यांसाठी नव्यानं मांडायचे. मांडणी पटली नाही की त्या कागदावर कंपनीतलं लाल 'रिजेक्ट'चं स्टिकर चिकटवायचे. काकू म्हणायच्या, "एकदा माझ्या पोह्यांच्या ताटलीलाही लावलं होतं ह्यांनी."

कंपनीच्या वर्धापनदिनी पाहुण्यांना भेट म्हणून आमच्या वादनाची रेकॉर्ड काढायचं ठरलं. चांगली काळी, गोल, सुईवर वाजणारी. सर लहान मुलासारखे हरखले. ध्वनिमुद्रणाची जागाही त्यांनीच सुचवली. कंपनीतलीच, गाड्यांचा आवाज मोजायची, भिंतींना फोम लावलेली बंद खोली. याहून शांत जागा साऱ्या चाकणात सापडायची नाही, असा त्यांचा हिशेब. टेम्पोतून पियानो नेला, थोडं वाजवलं आणि तिघेही थांबलो.

"सर, ही खोली सूर गिळतीया," मोशीकर म्हणाला.

"चूक माझी," सर म्हणाले. "शांतता बघितली, घुमारा बघितलाच नाही."

दुसरी जागा मागितली, तर वरून निरोप आला, आहे त्यात भागवा. मग सरांनी महिनाभर बसून सगळी मांडणी बदलली. पियानोचा सूर जिथे हवेत रेंगाळायला हवा, तिथे चेलोनं तोच सूर लांब धरायचा. खोली जो घुमारा देत नव्हती, तो त्यांनी कागदावर लिहून काढला. इतकं काम मी कंपनीत कुणाला करताना पाहिलेलं नाही.

त्याच खोलीत आम्ही ते वाजवलं, आणि नमुन्याची रेकॉर्ड आली. संथ भागात, नेमक्या त्या लांब सुरांवर, मोठ्या साहेबांचं भाषण. निष्ठा, उत्पादन, आपण सारे एक कुटुंब.

प्रसिद्धी विभागातल्या बाई म्हणाल्या, "सर, तिथे तसंही रिकामंच होतं ना."

सरांनी खिशातून लाल स्टिकर काढून रेकॉर्डवर लावलं आणि संमतीपत्र सही न करता परत दिलं. आम्ही दोघांनी मात्र सही केली. कंपनीशी कोण वाकड्यात शिरणार, चालतंय, म्हणून केली. त्याची लाज मला आजही वाटते. रेकॉर्ड तशीच निघाली. वर सरांचं नावही नाही, नुसतं 'कर्मचारी वृंद'. निदान मूळ ध्वनिमुद्रण तरी द्या, म्हणून सर चार वेळा त्या विभागात गेले. पाचव्यांदा कळलं, कॉम्प्युटरवर जागा अडत होती म्हणून पुसून टाकलं. ही कंपनी लोखंडाचं भंगारसुद्धा जपून ठेवते हो.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना सर झटक्यानं गेले. शोकसभेत साहेबांनी श्रद्धांजली म्हणून तीच रेकॉर्ड लावायला सांगितली. सगळं खातं माना खाली घालून उभं, सरांचा पियानो सुरू, आणि त्यावर साहेबांचा आवाज उत्पादनाचे गोडवे गातोय. स्वतः साहेब पुढे हात जोडून उभे होते. त्यांना काही वाटलं नाही. मला तेव्हा जो संताप आला, तो अजून उतरलेला नाही.

काकू दोन पावलं पुढे झाल्या. "बंद करा ते," म्हणाल्या. "मी ह्यांना ऐकायला आले होते."

आता गुरुवारी आम्ही दोघे थेरगावला जातो. काकू पियानोजवळच्या खुर्चीत बसतात. सरांच्या हातच्या कागदांवरून आम्ही वाजवतो, आणि जिथे पियानो एकटा होता तिथे दोघेही मनात मात्रा मोजत थांबतो. परवा नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. मोशीकरानं चेलोवरचा गज न हलवता माझ्याकडे पाहिलं.

"बंद कर भावा," तो म्हणाला. "सर वाजवत्यात."